अदलाबदलीचा आठवडा

सल्लागार मंडळावर लोक दोनच कारणांनी जातात. एक तर बैठकीत चहाबरोबर बिस्किटं मिळतात म्हणून, नाहीतर पुढे नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते म्हणून. मी गेले ती भांडायला. आमच्या विद्यापीठात विद्यार्थी केंद्र आहे: खाली कँटीन, मधे सभागृह, वर चारदोन खोल्या. कुठली जागा कुणी कशासाठी वापरायची, खुर्च्या कोणत्या घ्यायच्या, कँटीनमध्ये गाणी लावायची की नाही, असल्या गोष्टी ठरवायला विद्यार्थ्यांचं एक मंडळ असतं आणि मंडळाच्या डोक्यावर केंद्राच्या व्यवस्थापक मॅडम असतात. माझ्या विरुद्ध कुणी उभंच राहिलं नाही, त्यामुळे मी प्रचंड बहुमताने निवडून आले, असं घरी सांगितलं.

मला हवी होती वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. तिथे आधी झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदाराला खाली दाराजवळ जागा मिळाली, तो आपलं मशीन घेऊन उतरला आणि खोली मोकळी झाली. ऐसपैस खोली, उंच छत, दोन खिडक्या, हात धुवायला बेसिन, आणि नीट बंद होणारं दार. आमच्या केंद्रात नीट बंद होणारं दार म्हणजे चैनच होती.

खोली ताईसाठी हवी होती. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. मधे लग्न, मग बाळ, यात तिची वर्षं मागे पडली आणि आम्ही दोघी एकाच वेळी एकाच विद्यापीठात आलो. ती औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मी इतिहासाच्या दुसऱ्या. बाळाचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण पोर सगळ्या बाजूंनी गोल, म्हणून घरात तिला गोटी म्हणतात. भावोजी जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यात. आई रुग्णालयात नर्स, तिची दिवसपाळी. जवळची पाळणाघरं एवढं लहान मूल घेत नव्हती, घेणारी होती ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रयोगशाळेत बाळ नेता येत नाही. तेव्हा ताई ॲप्रन चढवून आत गेली की गोटी माझ्याकडे. केंद्राचा जिना, कँटीनचा बाक, बाहेरचा कट्टा, जिथे सावली असेल तिथे आमचं बिऱ्हाड. माझे तास होते, पण त्यांचं मी बघून घेत होते.

आणि ताईने एक दिवस जेवताना जाहीर केलं की या महिन्याअखेर ती कॉलेज सोडतेय. "गोटी मोठी झाली की पुढे बघू," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून उठली. ताईचं 'पुढे बघू' मला चांगलं ठाऊक होतं. चित्रकलेच्या वर्गाबद्दलही ती असंच म्हणाली होती, आणि तिचे रंग माळ्यावर पडून दगड झाले. मी कंबर कसली. केंद्रात एक बाळखोली झाली, तिच्यात पाळणा लागला, दाराला कडी असली, की ताईला सोडायला कारणच उरणार नव्हतं. ताईसारखे आणखी तीनचार आईबाप विद्यार्थ्यांत होते, म्हणजे मागणी काही घरगुती नव्हती. माझ्या डोक्यात सगळं चोख बसलं होतं.

फक्त खोली आणखी एकाला हवी होती.

तो मंडळावरच होता. टेबल टेनिसच्या संघाचा कप्तान, उंच म्हणजे इतका उंच की सगळे त्याला खांब म्हणत आणि तोही या नावाला ओ देई. कमी बोलायचा, सावकाश बोलायचा, आणि माझ्यासारख्या माणसाला याचाच जास्त राग येतो.

"बाळाला घरी झोपवता येतं," पहिल्या बैठकीत तो म्हणाला. "टेबल घरी नेता येत नाही."

"म्हणजे चेंडूला खोली, आणि माणसाच्या पोराला जिना?"

"असं मी म्हटलं नाही."

"तोंडाने नाही म्हटलंस."

आमचे सचिव बैठकीचं इतिवृत्त लिहायचे आणि लिहिता लिहिता बिस्किटांचा फडशा पाडायचे. त्यांनी पेन उचलून विचारलं, "हे शेवटचं लिहायचंय की वगळायचंय?"

मी वगळू दिलं नाही. खांबाने मग त्याचं बोलणंही लिहून घ्यायला लावलं. मी त्यावर उत्तर दिलं, त्याने त्यावर मान हलवली, मान हलवलेलीही लिहा असं मी म्हटलं, आणि तेवढ्यात मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. जुन्या सदस्यांचे चेहरे उतरले.

"अदलाबदल," मॅडम म्हणाल्या.

ही आमच्या मंडळाची खास रीत. दोन जण हमरीतुमरीवर आले की मॅडम त्यांच्या बाजू बदलून द्यायच्या. मला जे नको, ते मी मांडायचं. नुसतं मांडायचं नाही, आठवडाभर त्या लोकांत राहून, त्यांचं काम करून मग मांडायचं. आणि यात एक मेख होती: समोरच्याची बाजू कुणी मुद्दाम कच्ची मांडली असं मंडळाला वाटलं, तर त्याची स्वतःची मागणी तिथल्या तिथे बाद. आदल्या वर्षी कँटीनमधल्या गाण्यांवरून अशीच अदलाबदल झाली होती. आठवड्याने गाणी हवी म्हणणारे शांतता मागायला लागले आणि शांततावाले गाणी. भांडण होतं तेवढंच राहिलं, नुसती तोंडं बदलली.

म्हणजे मी आता टेबल टेनिससाठी जीव तोडून बोलायचं, नाहीतर बाळखोली गेली. आणि जीव तोडून बोलले तर बाळखोली गेलीच. मी मॅडमकडे बघितलं. त्या शांतपणे चष्मा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या खोलीत गोटीचं हस्तांतर झालं. मला वाटलं होतं की ताई आकांडतांडव करील, अनोळखी मुलाकडे बाळ द्यायचं म्हणजे काय. पण ती चटकन तयार झाली, इतकी चटकन की मला नवल वाटलं. तिने खांबाला दुधाची बाटली दाखवली, लंगोट दाखवले, कुठल्या रडण्याचा अर्थ काय ते सांगितलं. उकळत्या दुधाचं पातेलं धरावं तसा तो गोटीला लांब धरून उभा होता.

"हिला नेमकं कुठून धरायचं?" त्याने विचारलं.

"सगळीकडून," ताई म्हणाली आणि प्रयोगशाळेत निघून गेली.

मी बाहेर आले. टेबल टेनिसवाले दुपारी जमायचे. सकाळभर करायचं काय? हात इतके हलके झाले होते की ते कुठे ठेवावेत कळेना. शेवटी तासाला जाऊन बसले. सर हजेरी घेता घेता माझ्या नावापाशी थबकले, चष्म्यावरून बघितलं आणि अगदी आपुलकीने विचारलं, "नवीन प्रवेश का?" वर्ग हसला. मीही हसले, काय करणार.

दुपारी मी संघाकडे गेले. त्यांचं टेबल कँटीनच्या मागच्या बोळात होतं, जिन्याच्या खाली. बोळातून उष्ट्या भांड्यांची ट्रॉली सारखी जायची. "ट्रॉली" अशी हाक आली की खेळणारे बॅट काखेत मारून टेबलाचं एक टोक उचलायचे, ट्रॉली जायची, टेबल पुन्हा खाली, आणि गुण कुणाचा होता यावर वाद. चेंडू हमखास भांडी घासायच्या टबात पडायचा. संघाच्या सगळ्या चेंडूंना साबणाचा वास होता.

पण खरी गोम मला संघातल्या डावखुरीने दाखवली. ही मुलगी डाव्या हाताने खेळायची आणि माझ्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं तेव्हा तिनेच मला बॅट दिली. टेबलाच्या एका बाजूला वर जिन्याची उतरती पाठ होती. सर्व्हिस करताना चेंडू वर उडवावा लागतो, तो तिथे उडवताच येत नव्हता, लगेच छताला लागायचा.

"मग आम्ही सगळे हातातूनच चेंडू मारायला शिकलो," ती म्हणाली. "इथे चालतं. स्पर्धेत पंच हात वर करतो आणि गुण समोरच्याला देतो. आम्ही खेळून हरत नाही गं, सुरुवात करतानाच हरतो."

"मग वर उडवायची सवय करा ना."

"कुठे?"

मी बॅट घट्ट धरली आणि म्हटलं, टाक चेंडू. तिने टाकला. तो माझ्या कानाजवळून गेला. पुढचा पोटावर बसला. मी चेंडूला अद्वातद्वा बोलले. चेंडूशी भांडून तो वळत नाही हे पटायला मला बराच वेळ लागला, पण एकदा पटलं, आणि एक फटका असा काही लागला की टकटक करत चेंडू पलीकडे गेला, डावखुरीच्या बॅटला न लागता गेला, आणि मी बोळात अशी ओरडले की कँटीनमधले लोक बघायला आले. त्या दिवसापासून मी सगळ्यांच्या आधी यायला लागले. हे मी खांबाला कळू दिलं नाही.

इकडे खांबाचे हाल चालले होते. पहिल्या दिवशी दुपारी तो खोलीतून बाहेर आला तेव्हा केस उभे, खांद्यावर दुधाचा ओघळ, आणि डोळे मोठे झालेले.

"तू हे रोज करतेस?" त्याने विचारलं.

"त्यात काय एवढं."

"एकटी?"

"नाहीतर काय, बँड लावून करू?"

 त्याने माझ्याकडे बघितलं, मग गोटीकडे. गोटीने त्याच्या शर्टाचं बटण तोंडात घातलं होतं आणि ती कमालीची खूश होती.

पण दुसऱ्या दिवशी संघ जमायच्या वेळी तो खोलीत बसलाच नाही. संघाची जुनी जॅकेटं आत अंथरून त्याने कपड्यांची एक मोठी टोपली मऊ केली, तिच्यात गोटीला बसवलं आणि टोपली बोळात, टेबलापासून बेताच्या अंतरावर, भिंतीला लावली. मी तावातावाने सांगायला गेले की हे बाळ आहे, धुण्याचे कपडे नव्हेत. पण गोटीने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. चेंडू डावीकडे गेला की तिची मान डावीकडे, उजवीकडे आला की उजवीकडे. चेंडू जाळ्यात अडकला की तिला हसू फुटायचं, सगळं अंग हलवून हसायची. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की संघातले चांगले चांगले खेळाडू चेंडू मुद्दाम जाळ्यात मारताहेत.

मग तिला घेण्यावरून पाळ्या लागल्या. जो हरेल तो बाहेर, आणि जो बाहेर त्याच्याकडे गोटी. लोक हरायला लागले. डावखुरीच्या खांद्यावर ती झोपायची, तेही टकटक चालू असताना, आणि घरी तिला झोपवताना आईच्या आणि माझ्या नाकी नऊ येत. आपलं पोर परक्यांत एवढं रमलं याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला रागच आला. संध्याकाळी ताईला मी सगळं रंगवून सांगितलं, टोपली, जॅकेट, साबणाचा वास, सगळं. वाटलं, ती उद्यापासून नाही म्हणेल. ताई ऐकत होती आणि तिच्या गालाला खळी पडत होती.

"आज माझं सगळं प्रॅक्टिकल वेळेत झालं," ती म्हणाली. "आणि तू कुठे होतीस सकाळी?"

"तासाला."

"अस्सं," ताई म्हणाली आणि गोटीचे पाय पुसायला लागली.

बैठकीच्या दिवशी सभागृहात खुर्च्या कमी पडल्या. अदलाबदलीची बैठक सगळ्यांना खुली असते, आणि फुकटात एवढी करमणूक कुठे मिळते? मागच्या रांगेत ताई बसली होती, मांडीवर गोटी. टेबल टेनिसचा सगळा संघ तिच्या आजूबाजूला, जसा काही ताईच त्यांची कप्तान.

पहिला नंबर माझा. मी ठरवून गेले होते की बाद होणार नाही इतपतच खरं बोलायचं, त्याच्या पुढे एक शब्द नाही. पण बोलायला उभी राहिले की मला जिंकायचंच असतं, हा माझा स्वभावच आहे, त्याला मी काय करू? मी मॅडमना बॅट आणि चेंडू दिला आणि म्हटलं, सर्व्हिस करा. मग सचिवांना चहाचा ट्रे दिला आणि तो मॅडमच्या डोक्यावर तिरका धरायला लावला. "हा जिना," मी म्हटलं. "आता चेंडू वर उडवा." मॅडमनी उडवला. चेंडू ट्रेला लागला, सचिवांच्या कपाळाला लागला आणि चहाच्या कपात जाऊन पडला. सभागृह हसून लोळलं. मी हसू ओसरू दिलं आणि मग सांगितलं की हा संघ वर्षानुवर्षं असाच खेळतोय, खेळात नव्हे तर सुरुवातीलाच हरतोय, आणि त्यांनी आजवर कुणाकडे तक्रार केलेली नाही, कारण ट्रॉली आली की टेबल उचलायची त्यांना सवय झालीय. ट्रॉलीचं सांगताना माझा आवाज जरा कापला. तो मी मुद्दाम कापवला नव्हता.

खाली बसले तेव्हा टाळ्या थांबत नव्हत्या. मंडळातली एक मुलगी तर डोळे टिपत होती, आणि ती आदल्या बैठकीत माझ्या बाळखोलीच्या बाजूने होती.  मी माझ्या हाताने ताईच्या पायावर धोंडा घातला होता.

मग खांब उठला. त्याला उठायलाच वेळ लागतो.

"मला बाळखोलीची बाजू मांडायची आहे," तो म्हणाला. "तर बाळखोली नको."

सभागृहात गलका झाला. मी ताडकन उभी राहिले. याहून कच्ची बाजू कुणी काय मांडणार? आणि नियमाप्रमाणे त्याची मागणी बाद झाली की खोली आपोआप माझी. देव पावला असं वाटलं मला.

"मॅडम, याने नियम मोडला. याची मागणी बाद करा."

"आधी त्याला पुरतं बोलू दे," मॅडम म्हणाल्या. "बस खाली."

मी बसले नाही. खांब बोलत राहिला, त्याच्या त्या सावकाश तऱ्हेने.

"पहिल्या दिवशी मी त्या खोलीत बसलो. दार नीट बंद होतं. आत बाळ आणि मी. बाळ रडलं तर मी, हसलं तरी बघायला मीच. पाणी प्यायला जाता येईना. माझा तास बुडाला. म्हणजे खोलीने बाळाची सोय होत नाही, बाळाबरोबर आणखी एक माणूस कोंडला जातो. त्या दिवशी तो माणूस मी होतो. एरवी कोण असतं ते आपण सगळे जिन्यातून येताजाता बघतो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "तो या बैठकीचा विषय नाही."

"बाळाला खोलीपेक्षा माणसं जास्त लागतात," तो म्हणाला. "आमच्याकडे माणसं आहेत. टेबल एक, खेळतात दोघं, बाकीचे सगळे आपली पाळी कधी येते ते बघत रिकामे उभे. सकाळीही कुणी ना कुणी सरावाला येऊ शकतं, वेळा वाटून घेऊ. टेबल वर न्या, एका कोपऱ्याला कठडा करा, आणि जी मुलं असतील ती तिथे सोडा. आठवडाभर आम्ही करून बघितलंय. मंडळाला हे कच्चं वाटत असेल तर मला बाद करा, पण माझ्याच्याने यापेक्षा पक्कं बोलवणार नाही."

"बाजू माझी आहे," मी ओरडले. "माझ्या बाजूत टेबल नाही. याने ती बदलली."

मॅडमनी चष्मा लावला. "बाजू तुझी आहे, की तुझ्या बहिणीची?"

"एकच आहे."

"मग तिलाच विचारू."

ताई उठली. गोटीला तिने शेजारच्या डावखुरीकडे दिलं, इतक्या सवयीने दिलं की मी बघतच राहिले. ताई चारचौघांत बोलत नाही. तिचं ते उभं राहणं बघूनच मला घाम फुटला.

"मला खोली नकोय," ती म्हणाली.

"ताई, तू थांब, मी बोलते."

"तू खूप बोललीस, आता मी बोलते. मी कॉलेज सोडणार होते, ते गोटीमुळे नाही. मागच्या महिन्यात तुझे सर मला आवारात भेटले. म्हणाले, तुमच्या धाकट्या बहिणीने शिक्षण सोडलं का, हुशार होती. मला तिथल्या तिथे रडू आलं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? उलट माझ्याशीच भांडली असतीस. म्हणून ठरवलं की मीच सोडते, म्हणजे ही तरी वर्गात बसेल. तुला ती खोली मिळाली असती ना, तर तिथेही पाळण्याशेजारी तूच बसली असतीस. मग मी तशीही सोडणारच होते."

  मला राग आला, निदान तो रागच आहे असं मी स्वतःला सांगितलं.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं.

"तू मला विचारलं होतंस?" ताई म्हणाली.

नव्हतं विचारलं. खोली हवी का, पाळणा हवा का, काहीच विचारलं नव्हतं. मी तिच्यासाठी माझं शिक्षण गुपचूप सोडत होते, ती माझ्यासाठी तिचं गुपचूप सोडत होती, आणि दोघींनी ते नीट जमवलं असतं तर गोटीची आईही शिकली नसती आणि मावशीही. हे डोक्यात आलं आणि मला हसू यायला लागलं. ताईलाही आलं. आम्ही दोघी सभागृहाच्या दोन टोकांना उभ्या राहून डोळे पुसत हसत होतो आणि मधले लोक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे माना वळवत होते.

मॅडमनी मत घेतलं. टेबल वर, कोपऱ्याला कठडा, मुलांच्या पाळ्या संघाकडे. एकेक हात वर गेला. माझा तेवढा राहिला.

"तुला बाजू पटलेली दिसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"बाजू पटली," मी म्हटलं. "मांडणारा अजून पटलेला नाही." आणि हात वर केला. खांब पहिल्यांदाच हसला, आणि हसला तेव्हा बरा दिसला, तेही मी त्याला कळू दिलं नाही.

"आणि तुझं काय?" मॅडमनी ताईला विचारलं. "महिन्याअखेर सोडणार, की राहणार?"

"ही तासाला बसणार असेल तर राहीन."

मंडळाने त्यावरही ठराव केला. सचिवांनी मोठ्याने वाचून दाखवला: मंडळाच्या सदस्य क्रमांक अमुक यांनी आपल्या सर्व तासांना हजर राहावं, असा मंडळाचा एकमुखी सल्ला आहे. मी म्हटलं की एकमुखी कसा, मी कुठे मत दिलंय. तेव्हा संघातल्या कुणीतरी मागून माझा हात धरून वर केला.

सोमवारी सकाळी आम्ही गोटीला घेऊन वर गेलो. टेबल आलं होतं, कठडाही लागला होता. खिडकीतून ऊन थेट टेबलावर पडत होतं आणि डावखुरी एकटीच उभी राहून चेंडू हवेत उंच उडवत होती, झेलत होती, पुन्हा आणखी उंच उडवत होती. कठड्याच्या आत आणखी एका विद्यार्थ्याचा मुलगा आधीच येऊन बसला होता. गोटीला आत ठेवताच ती रांगत त्याच्या शेजारी गेली आणि तिने त्याचा बूट ओढला. आम्ही येतो म्हणालो, तिने लक्ष दिलं नाही.

जिन्याने उतरताना आमच्या दोघींच्याही कडेवर कुणी नव्हतं. ताईची प्रयोगशाळा आणि माझा वर्ग एकाच रस्त्यावर. मी म्हणाले, अजून वेळ आहे, कँटीनमध्ये चहा घेऊ. ताईने ऐकलंच नाही. पिशवी खांद्यावर टाकून ती चालायला लागली. गोटी झाल्यापासून मी तिला नेहमी जपून, बेताने, पायाखाली बघत चालताना पाहिलं होतं, आणि मला वाटायचं की माझी ताई थकलीय, हिला आपण सांभाळायला हवं. आज ती ताडताड चालत होती, पुढच्या मुलांना मागे टाकत, वळून न बघता. "ताई, थांब," मी हाक मारली, पण ती केव्हाच पुढे गेली होती, आणि तिला गाठायला मला पळावं लागलं.